मागायचं काही नसलेला माणूस

माझं अक्षर चांगलं आहे. हे फुशारकीने सांगत नाही. ज्या गोष्टीमुळे मला गावात मान मिळाला, त्याच गोष्टीची पुढे मला लाज वाटू लागली, म्हणून आधीच सांगून टाकतो. तहसीलचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर विहार कमिटीचा ठराव. लोक कागद घेऊन माझ्याकडे यायचे. "गुरुजी, तुमच्या हातानं लिवून द्या जी." मी लिहून द्यायचो. शाळेच्या फळ्यावर चौतीस वर्षं लिहिलं आणि कमिटीच्या रजिस्टरात वीस. त्या रजिस्टरातल्या एका पानावर श्रावण बोरकरच्या बायकोबद्दल मी चार ओळी लिहिल्या आहेत. ओळी सुंदर अक्षरात आहेत आणि त्या खोट्या आहेत.

पण ते पुढे येईलच. आधी श्रावण.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, इटियाडोह धरणाच्या नहरावरचं, म्हणजे कालव्यावरचं. श्रावण त्या नहराच्या एका फाट्यावर गेट उघडायच्या-लावायच्या नोकरीत होता. आमच्या आणि त्याच्या घरामध्ये एक तुरीच्या तुऱ्हाट्यांचं कुंपण तेवढं होतं. उंच, काटकुळा माणूस. गेटचं चाक फिरवायची जड लोखंडी चावी वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर वाहिल्यामुळे त्याचा डावा खांदा कायमचा खाली गेला होता. मोकळ्या हातानेही तो तसाच कलून चालायचा. चालता चालता मधेच थांबायचा, नहरातल्या पाण्याकडे बघायचा आणि मग पुढे निघायचा. काय बघतोस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "पानी कमी-जादा होते जी. आवाजावरून समजते. पन एक खेप पाहून घेतलेलं बरं."

त्याची एक सवय सगळ्या गावाला पाठ होती. कोणाकडेही जेवायला बसला की एकदा वाढलेलं तेवढंच जेवायचा. वाढणारी बाई दुसऱ्यांदा आली की ताटावर आडवा तळवा धरायचा. "पुरलं जी." लग्नात असो, तेरवीला असो, वरणात तूप असो की नसो. बायका मुद्दाम त्याच्या हातावर भात टाकायच्या. तो हसायचा, हातावरचा भात खायचा आणि हात परत ताटावर धरायचा. "पुरलं जी."

माझ्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, त्याच्या गेटाखाली होत्या. एका वर्षी उन्हाळी धान हातचं जायची वेळ आली होती. बांध्यांना भेगा पडल्या होत्या आणि माझी पाण्याची पाळी चार दिवसांवर होती. मी गेटाजवळच्या त्याच्या चौकीवर गेलो आणि म्हटलं, "श्रावण, शेजारी आहोत आपण. आज जरा गेट उचल. कोणाला कळणार आहे?"

"शुक्रवारी पाळी आहे जी तुमची."

"शुक्रवारपर्यंत काय उरेल?"

"खाली टोकावर तीन बांध्या आहेत, त्यायले मागच्या पाळीतही पोचलं नाही पानी," तो म्हणाला. "तुमाले आता देलं त त्यायच्यातून देतो मी. माया घरचं नाही ना ते."

मी रागाने परत आलो. शुक्रवारी पहाटे बांधीवर गेलो तर हा माझ्या आधी तिथे. गुडघाभर चिखलात उभा राहून माझाच फुटलेला बांध मातीने लिंपत होता. पाणी आलं तसं त्यातला थेंबही वाया जाऊ दिला नाही. माझं धान वाचलं. तरी त्याने मला 'नाही' म्हटल्याचं मनात राहिलं. चांगल्या माणसाने नाही म्हटलेलं जास्त काळ सलतं, हा माझा अनुभव आहे.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात श्रावण खोकू लागला. डॉक्टरांनी छातीचा रोग सांगितला आणि त्याला दूरच्या एका दवाखान्यात ठेवलं. तो चार महिने तिथे होता. त्या काळात गावातून त्याला भेटायला कोणी गेलं नाही. त्याची बायको यशोदा महिन्यातून एकदा जायची, बाकी कोणी नाही. शेजारी म्हणून मी जायला हवं होतं. मी यशोदेला विचारायचो, "कसा आहे?" आणि तेवढ्यावर आपलं काम झालं असं समजायचो.

तो बरा होऊन आला आणि वर्षभरात गावात बातमी पसरली की श्रावण ख्रिस्ती झाला. गोंदियाला जाऊन, पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेऊन आला.

आमची वस्ती छप्पनच्या दीक्षेनंतरची. माझे आजोबा नागपूरला पायी गेले होते आणि परत येताना देव्हाऱ्यातले सगळे देव त्यांनी तळ्यात टाकले होते. ही गोष्ट आमच्या घरात लेकरांना भातासोबत भरवतात. ज्यांना माणूस म्हणून कोणी हात लावत नव्हतं ते मान वर करून चालू लागले, ते या धम्मामुळे. त्यामुळे श्रावणची बातमी आम्हाला घरातलं कोणी निघून गेल्यासारखी लागली. त्या रागात खरेपणा होता. पण त्यात माझे स्वतःचे हिशेबही मिसळलेले होते, हे तेव्हा मला दिसलं नाही.

पानठेल्यावर लोक त्याला गाठायचे. "काऊन गा श्रावण, किती भेटले?"

"भेटलं ना," तो साधेपणाने म्हणायचा. "बहुत भेटलं."

"आकडा सांग ना गा."

"आकडा नाही येत त्याले."

झालं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की श्रावणला मिळालेली रक्कम इतकी मोठी आहे की त्याला आकड्यात सांगताही येत नाही. त्याच्या घरावरची कवेलू मात्र तीच होती, पावसाळ्यात गळणारी. कोणी त्या कवेलूंकडे बघितलं नाही.

शेवटी मी चौकीवर जाऊन त्याला सरळ विचारलं. दुपार होती. तो दारात बसून गेटच्या चाकाला ग्रीस लावत होता.

"कोणी नेलं तुला तिकडे?"

"कोनी नाही जी." त्याने हात पुसले. "दवाखान्यात बाजूच्या खाटेवर एक बुढा होता, छत्तीसगडकडला. त्याच्या उशाखाली पुस्तक, पन वाचता येत नव्हतं त्याले. मले म्हणे, बेटा, पढ़ के सुना दे. मले काय काम होतं? रोज संध्याकाळी दोन पानं वाचून दाखवत होतो. असा दीड महिना गेला. एका सकाळी उठलो त खाट रिकामी."

"मग?"

"मंग त्या संध्याकाळी मी एकटाच वाचलं. ऐकाले कोनी नव्हतं. तवा समजलं का इतके दिवस वाचणाराही मीच होतो आन् ऐकणाराही मीच होतो."

मी म्हटलं, "आपल्या धम्मात तुला काय कमी पडलं, ते सांग."

त्याने ग्रीसचा डबा झाकून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "कमी काई नाही पडलं जी. ज्यानं उभं राहाले शिकवलं त्याले मी कसा इसरीन? पन तवा मले उभं राहता येत नव्हतं. खोकलणाऱ्या माणसाजवळ कोनी बसत नाही. वाचता वाचता मले असं लागलं, का कोनीतरी माया खाटेवर येऊन बसला आहे. आन् उठून जात नाही."

मी उठलो. 'कोनी बसत नाही' हे त्याने माझ्यावर रोख धरून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते बरोबर लागलं, आणि ज्याला लागतं तो चिडतो. मी जाताना म्हणालो, "आता जयभीम म्हणू नकोस. कोणत्या तोंडाने म्हणतोस?"

"ह्याच तोंडानं म्हणतो जी," तो म्हणाला. "जयभीम."

तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. वस्तीतले काही लोक उत्तर द्यायचे नाहीत. तो थांबायचाही नाही उत्तरासाठी. पुढच्या जयंतीला तो नेहमीसारखा पांढरा सदरा घालून आला. दर वर्षी मिरवणुकीत पंचशील ध्वज तोच धरायचा, कारण वस्तीत सगळ्यात उंच तोच. त्या वर्षी त्याने ध्वजाला हात घातला आणि मी पुढे होऊन तो त्याच्या हातातून घेतला. सगळ्यांसमोर. त्याने ओढाताण केली नाही. काठी माझ्या हातात नीट बसेपर्यंत धरून ठेवली आणि मग सोडली. मिरवणुकीत तो शेवटी, बायकांच्याही मागे, चालत होता. जेवणावळीत भात वाढायला मात्र पुढे होता. त्याला कोणी वाढायला सांगितलं नव्हतं आणि नको म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही.

गोंदियाला त्याच्या ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना असायची. महिन्यातून एका रविवारी तो गाडीने तिकडे जायचा. बाकीचे रविवार चौकीवरच, नहराच्या काठावर, पुस्तक मांडीवर घेऊन. ना देऊळ, ना घंटा, ना सोबत. त्याच्या घरातली बुद्धाची तसबीर त्याने उतरवली नाही. यशोदा तिच्यासमोर मेणबत्ती लावायची. मेणबत्ती संपली की अर्जुनीच्या बाजारातून नवी आणून द्यायचा तो हाच.

महाशिवरात्रीला आमच्याकडून प्रतापगडच्या जत्रेला ट्रॅक्टर भरून माणसं जातात. कोण महादेवासाठी, कोण दर्ग्यासाठी, आमच्या वस्तीतले नुसते जत्रेसाठी. आता एवढी माणसं वर चढतात म्हटल्यावर जाता जाता कोणी दोन्हीकडे हात जोडतं, कोण कशाला बघतो! श्रावणही ट्रॅक्टरात असायचा. लेकरं त्याच्याच अंगावर. पायथ्याशी पोचलं की तो झाडाखाली बसकण मारायचा. "तुमी जाऊन या. मी चपला पाहतो."

एकदा मी म्हटलं, "चल ना वर. धर्म बाटेल का तुझा?"

"बाटाचं काय त्यात जी? पन मले काई मागाचं नाही आहे. मंग वर जाऊन उगीच गर्दी कायले करू?"

मी वर गेलो. विहार कमिटीचा सेक्रेटरी मी, तरी चढताना दोन्ही ठिकाणी मनातल्या मनात मागितलं. मुलाची नोकरी मागितली, स्वतःची मुख्याध्यापकी मागितली, गुडघ्याचं दुखणं जावं म्हणून मागितलं. परत आलो तर तीस-चाळीस चपलांचे जोड ओळीने लावून हा माणूस झाडाला टेकून झोपला होता. तोंड किंचित उघडं. इतकी निवांत झोप मला माझ्या पलंगावर कधी लागली नव्हती. मी माझी चप्पल पायात घातली आणि त्याला न उठवता चहा प्यायला गेलो.

आता यशोदेबद्दल.

यशोदा कमिटीचे अध्यक्ष दौलतभाऊंची धाकटी बहीण. बुटकी, कामाला वाघीण, बोलायला मऊ. नवऱ्याचा धर्म वेगळा झाल्यावर दौलतभाऊंनी तिला सांगितलं होतं, "तो गेला त जाऊ दे. तू आपल्यातच राहा." ती मान डोलवायची. सात-आठ वर्षं अशीच गेली. मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि ती वाळत चालली.

एका दुपारी ती पदराखाली दोडके घेऊन आमच्याकडे आली. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. दोडके खाली ठेवून ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ दम घेत राहिली.

"गुरुजी, माया एक कागद लिवून द्या."

"कसला?"

"मी गेली का मले मातीत द्या म्हणून. ह्यायच्या प्रार्थनेनं. जाळू नोका म्हणून." तिने तोंडावरून पदर फिरवला. "मागच्या साली मीही गोंदियाले पाण्यात उतरली जी. दौलतभाऊले सांगाची हिंमत नाही झाली. कागद असला त माया माघारी तो बोलीन. तुमचं अक्षर सारे मानतात."

"श्रावणने सांगितलं का तुला असं करायला?"

"ते काई नाही म्हणत," ती म्हणाली. "सात वर्षं मेनबत्त्या आनून देल्या त्यायनं मले. एक दिवस मीच म्हटलं, मले घेऊन चला."

मी लिहायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दौलतभाऊ आले. कागदावरचं अक्षर बघून ते ओळखणार, आणि सेक्रेटरीनेच आपल्या बहिणीला तिकडे लिहून दिलं म्हणणार. मी म्हटलं, "काय घाई आहे? आधी बरी हो. मग पाहू."

"बरं जी," ती म्हणाली. हात टेकून उठली आणि कुंपणाच्या कडेकडेने गेली. दोडके ठेवून गेली.

तीन महिन्यांनी, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू असताना, एका सकाळी ती गेली. कमिटी विहाराच्या ओट्यावर बसली. श्रावण तिथे आला आणि उभ्यानेच म्हणाला, "तिची मातीत जायाची इच्छा होती. तीही माया बरोबर प्रार्थनेले होती. तळ्याच्या काठी जागा द्या, एवढंच म्हणतो."

दौलतभाऊ रडत होते. रडता रडताच उसळले. "माई बहीन होती ते! कोन म्हणते ते तिकडली झाली? तू म्हणतोस! कागद देऊन गेली का? कोनाले सांगतलं तिनं? हाय कोनी इथं, ज्याले तिनं तोंडानं सांगतलं?"

श्रावणने माझ्याकडे बघितलं.

फक्त बघितलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. ती माझ्याकडे आली होती हे त्याला माहीत होतं, ते त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. ओट्यावर पंधरा माणसं होती आणि कोणाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. मी मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढलं.

दौलतभाऊंनी सांगितलं ते मी लिहिलं. सांगितलं त्याहून जास्त लिहिलं, कारण मला भाषा येत होती. 'कालकथित यशोदा बोरकर ह्या अखेरपर्यंत बौद्ध धम्मातच होत्या. त्यांनी धर्म बदलल्याचे उपस्थितांपैकी कोणाच्याही माहितीत नाही. सबब अंत्यविधी समाजाच्या वतीने बौद्ध पद्धतीने करण्यात यावा.' आणि खाली सर्वांच्या सह्या. 'कोणाच्याही माहितीत नाही' हे शब्द दौलतभाऊंचे नव्हते. ते माझे होते.

गोंदियाहून त्याच्या मंडळीतले दोघे आले होते. ते म्हणाले, तहसीलदारांकडे जाऊ, पोलिसांत जाऊ. श्रावण नको म्हणाला. मग तो ओट्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "ठीक आहे जी. तुमची बी ते बहीनच होती. घेऊन चला. तिचं नाव जिथं लिवाचं होतं तिथं लिवून आहे. ते रजिस्टर इथं कोनाच्या हातात नाही."

तिरडीचा पुढचा खांदा त्याने दिला. त्याच्या कललेल्या खांद्यामुळे तिरडी एका बाजूला झुकत होती, तेव्हा दौलतभाऊ त्याच्या बाजूला येऊन चालू लागले. सरणाला दोघांनी मिळून अग्नी दिला. त्रिशरण-पंचशील चाललं असताना श्रावण हात जोडून उभा होता. ओठ हलत होते, पण आमच्या लयीत नव्हते.

त्या संध्याकाळी माझ्या बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. "त्या दिवशी यशोदी ओसरीवर आली होती," ती म्हणाली. "मी आत तांदूळ निवडून राहिली होती. सारं ऐकू येत होतं." मी घास घेतला. ती उठून आत गेली. या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी बांधीवर जाताना पाहिलं. चौकीच्या मागे जांभळाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी श्रावण फावड्याने खड्डा खणत होता. दौलतभाऊंकडून मागून आणलेली मूठभर राख त्याने त्यात ठेवली, माती लोटली, हातांनी थापली आणि टोपी काढून बसला. तिला मातीत जायचं होतं. मूठभर का होईना, गेली. मी रस्ता सोडून लांबच्या बांधावरून वळसा घालून गेलो.

मला वाटलं, आता हा आपल्याशी बोलणार नाही. आठ दिवसांनी कुंपणापलीकडून हाक आली. "गुरुजी, उद्या तुमची रब्बीची पाळी आहे जी. सकाळी सातले पानी सोडतो." तोच आवाज, जराही फरक नाही. त्याने मला शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या मोजून फिटल्यासारखं तरी केलं असतं.

दोन हजार दहा साली मी निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, भाषणांत माझ्या सचोटीबद्दल बोललं गेलं. मागच्या रांगेत श्रावण टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीवर गेलो. त्याचीही नोकरी तेव्हा संपत आली होती आणि खोकला परतला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. यशोदा आली होती, मी लिहून दिलं नाही, ओट्यावर गप्प बसलो.

"मालूम आहे जी," तो म्हणाला. "तवाच मालूम होतं."

"मग बोलला का नाहीस? माझं नाव घ्यायचं होतं."

"तुमाले चारचौघांत खोटं पाडलं असतं, त ते परत आली असती का?" त्याने मला बसायला पाट सरकवला. "मी तवाच सोडून देलं. त्याच दिवशी नाही जमलं. खोटं कायले बोलू? चार-पाच महिने लागले. रोज मागत होतो का हा राग काढून घे. मंग एका दिवशी पानी सोडाले आलो आन् पाहिलं त राग नव्हता."

मी म्हटलं, "माझं मन हलकं झालं."

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "एक मागू का जी?"

इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं.

"हे मले नोको सांगा. कमिटीत सांगा. माया साठी नाही. ते बिचारी आपन कोन आहो ते सांगाले जन्मभर भेत होती. मेल्यावर एक खेप तरी लोकांत तिचं खरं सांगा. दौलतभाऊले समजू द्या. दुसरं काई नाही."

"सांगतो," मी म्हणालो. आणि खरोखर सांगायचं ठरवून घरी आलो.

त्या महिन्याच्या बैठकीत जयंतीचा विषय होता. पुढच्या महिन्यात दौलतभाऊंना ताप होता. नंतर एकदा मी बोलायला उभा राहिलो आणि विहाराच्या छताबद्दल बोलून खाली बसलो. असं करता करता दोन पावसाळे गेले.

मग श्रावण गाव सोडून नागपूरला मुलीकडे गेला आणि वर्षभरात तिथे वारला. त्याच्या मुलीचा, रत्नाचा, फोन आला. त्याच्या मंडळींनी त्याला व्यवस्थित माती दिली, असं ती म्हणाली. त्या आठवड्याच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माझी खात्री होती की गदारोळ होईल. झालं काहीच नाही. दौलतभाऊ त्याआधीच गेले होते. ओट्यावरच्या पंधरांपैकी कमिटीत चौघेच उरले होते. त्यातले एक म्हणाले, "आता कायले उकरता गुरुजी? झालं ते झालं." नवी पोरं मोबाईलमध्ये होती. मी ठराव रद्द करायला म्हणून जुनं रजिस्टर काढायला लावलं. ते निघालं. अर्धं वाळवीने खाल्लं होतं, पण ते पान शाबूत होतं. मी त्याच्याखाली खरं काय ते लिहिलं. अक्षर याही वेळी चांगलंच आलं.

ज्याने मागितलं होतं त्याला हे कळलं नाही. कळायला तो हवा होता. आणि इथे मला शेवटची गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी बायकोलाही सांगितलेली नाही.

तो गाव सोडून गेला त्या दिवशी मी त्याला सोडायला अर्जुनीच्या स्टेशनवर गेलो होतो. दुपारची गोंदियाची गाडी होती; तिथून पुढे नागपूर. रत्ना पेटी आणि पिशव्या घेऊन आधीच डब्यात चढली होती. श्रावण प्लॅटफॉर्मवर माझ्यासमोर उभा होता, मफलर गुंडाळून, अगदीच हलका झालेला. गाडीने शिट्टी दिली तेव्हा त्याने माझा हात धरला.

"गुरुजी, कमिटीत सांगतलं का जी?"

गाडी सुटत होती. त्याला पुन्हा भेटेन असं मला वाटत नव्हतं. मी म्हणालो, "हो. मागच्या महिन्यात सांगितलं."

"दौलतभाऊ काय म्हणे?"

"काही नाही म्हणाले," मी म्हणालो. "डोळे पुसले त्यांनी."

श्रावणने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बेस झालं जी," एवढंच म्हणाला. "बहुत बेस झालं." रत्नाने त्याला वर ओढून घेतलं. गाडी हलली. तो खिडकीशी आला, अर्धा बाहेर वाकला आणि हात हलवू लागला. रत्ना आतून त्याचा सदरा ओढत होती, पण तो आत जाईना. सिग्नलच्या पुढे गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता आणि हसत होता. श्रावणला इतका आनंद झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.